निळ्या चिठ्ठीखालचा अंक

ताईंनी आयुष्यात हजारो कॉमिकं हाताळली होती, पण वाचलेलं एकही नव्हतं. वाचायला बसलं की डोळा गोष्टीत अडकतो आणि कागद निसटतो, असं त्या म्हणत. त्यांचं काम कागदाशी होतं. जुन्या, दुर्मिळ कॉमिकांची पारख करून देणाऱ्या कंपनीत त्या दुरुस्ती पकडायच्या टेबलावर बसत. कुणी फाटलेला कणा चिकटवला आहे का, उडालेला रंग शाईने भरला आहे का, चुरगळलेली कड कापून सरळ केली आहे का, हे बघायचं. नवी शाई यूव्ही दिव्याखाली वेगळी दिसते आणि कापलेली कड बोटाला जरा जास्तच धारदार लागते. ताईंच्या टेबलावरून लपूनछपून निसटलेला अंक कंपनीत कुणाच्या आठवणीत नव्हता.

ताईंकडून अंक परीक्षकांकडे जाई. ते दहापैकी गुण देत. शेवटी सीलिंगच्या खोलीत तो कडक पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीत बंद होई, आणि चौकटीच्या कडा यंत्रात वितळवून एकजीव केल्या जात. या बंद चौकटीला कंपनीतले सगळे ‘पाटी’ म्हणत. पाटीच्या वरच्या कप्प्यात चिठ्ठी असे. निळी चिठ्ठी म्हणजे अंक छापला तेव्हा होता तसाच आहे. जांभळी म्हणजे याला कुणीतरी हात लावलेला आहे. या दोन रंगांमध्ये जमीनअस्मानाचा फरक होता. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, “गिऱ्हाईक अंक घेत नाही रे बाबा, आपली चिठ्ठी घेतं.”

सीलिंगच्या खोलीत ताईंचा धाकटा दीर होता. त्याला घरीदारी सगळे बारक्या म्हणत, जरी आता तो ताईंच्या नवऱ्यापेक्षा वीतभर उंच झाला होता. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता, सासरे नुकतेच गेले होते आणि पोराचं गणितात लक्ष नव्हतं. ताईंनी त्याला अपूर्णांक शिकवले, मारामारी करून आला की शाळेत जाऊन मास्तरांची बोलणी खाल्ली, आणि पुढे नोकरी लागेना तेव्हा काकांपुढे उभ्या राहून सांगितलं, “मुलगा हाताचा सावकाश आहे, पण चोख आहे. माझी हमी.”

त्या शुक्रवारी बारक्या डबा घरीच विसरला होता. ताईंनी तो बरोबर आणला आणि जेवायच्या सुट्टीआधी सीलिंगच्या खोलीत नेऊन दिला.

“वहिनी, आज काय आहे?” त्याने मान वर न करता विचारलं.

“उघडून बघ. स्वतःचा डबा विसरणाऱ्याने चौकशा करू नयेत.”

तो हसला. त्याच्या पुढ्यात जुन्या पाट्यांची चवड होती. पाटीवर ओरखडे पडले की गिऱ्हाइकं ती परत पाठवत. बारक्या जुनी पाटी फोडी, आतला अंक नव्या पाटीत घाली, गुण तेच, चिठ्ठी तीच. अशा कामात पुन्हा पारख होत नसे, त्यामुळे ते अंक ताईंच्या टेबलावर कधी येतच नसत.

ताई वळल्या आणि थांबल्या. चवडीतली सगळ्यात वरची पाटी पालथी होती. आतला अंक ‘तांबडा पाणबुड्या’चा पहिला. त्याच्या मागच्या पानावर दंतमंजनाची जाहिरात होती, तिच्यात एक माणूस दात काढून हसत होता. खिडकीतला उजेड तिरका पडला होता आणि त्या तिरक्या उजेडात हसणाऱ्या माणसाच्या ओठांवर मिशीची पुसट खाच दिसत होती.

कुणा लहान मुलाने फार वर्षांपूर्वी पेन्सिलने दाबून काढलेली मिशी. नंतर कुणीतरी ती खोडली होती. शिसं गेलं, पण कागदावरचा दाब तसाच राहिला.

ही मिशी ताईंनी बघितली होती. चार-पाच महिन्यांपूर्वीच, स्वतःच्या टेबलावर. त्या अंकाची उजवी कड कापलेली होती, कण्यावरचा काळा रंग शाईने भरलेला होता आणि खोडलेल्या मिशीची नोंद त्यांनी स्वतः केली होती. त्याला जांभळी चिठ्ठी मिळाली होती.

त्यांनी पाटी उलटी केली. वर निळी चिठ्ठी होती.

“हे कुठून आलं?”

“नव्या पाटीत घालायचंय. पुढचं तेच घेणार होतो.”

“फोडू नकोस.”

“का? काय झालं?” बारक्याने आता मान वर केली.

“काही नाही. मला जरा बघायचंय.” ताईंनी पाटी उचलली आणि डब्याबद्दल एक अक्षर न बोलता बाहेर पडल्या. पाठीमागून तो काहीतरी म्हणाला, ते त्यांना ऐकू आलं नाही.

टेबलावर येऊन त्यांनी संगणकावर आपली जुनी टिपणं उघडली, मग चिठ्ठीवरचा क्रमांक शोधला. हा क्रमांक दुसऱ्याच एका प्रतीचा होता, वर्षापूर्वी तपासलेल्या, कुणी बोटही न लावलेल्या एका सुरेख प्रतीचा. त्या पाटीवर सील मारणाऱ्याची खूण होती ती बारक्याची. म्हणजे निर्मळ अंकाची चिठ्ठी, आणि तिच्याखाली कापलेला, रंगवलेला अंक.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून खोलीचं दार लावलं. हे दार कधी लागत नसे. गिऱ्हाइकं आरडाओरडा करायला आली तरी ते उघडंच असे.

“कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही.”

“घरी?”

“आत्ता तर बघितलं, काका.”

काका खुर्चीत बसले. त्यांनी पाटी उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली. “ताई, दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, कुणीतरी बाहेर पाटी उघडली, अंक बदलला आणि परत बंद केली. दुसरी, आपल्याच सीलिंगच्या खोलीत कुणीतरी जुन्या क्रमांकाची चिठ्ठी पुन्हा छापली आणि हा अंक नव्याने सील केला. तुम्ही कडा बघा आणि मला सांगा.”

ताईंनी तिथेच भिंग लावलं. बाहेर पाटी उघडली असेल तर जोडावर पांढुरके चरे दिसायला हवे होते. त्यांनी चारही बाजू बघितल्या. मग पुन्हा बघितल्या. जोड काचेसारखा स्वच्छ होता.

“एकदाच वितळलेला दिसतोय,” त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

“मग उरलं काय?”

ताईंनी भिंग खाली ठेवलं.

“मला वाईट वाटतं,” काका म्हणाले. “तुमचा दीर आहे, तुम्हीच आणलात. म्हणून तर सांगतो, हे तुमच्याच हातून झालं तर तुमच्यावर शिंतोडा उडणार नाही. सोमवारी मला सही करून द्या की पाटी आतूनच सील झाली आहे. तोवर तोंडाला कुलूप. तो सावध झाला तर सगळं पुसून टाकेल.”

संध्याकाळी घरी जेवायला सगळे बसले. ताईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी, आणि रोज कोणत्या इमारतीत कोण अडकलं याची गोष्ट सांगे. आज कुणी एक नवरदेव अडकला होता. सासूबाई पोट धरून हसल्या. बारक्या म्हणाला, “दादा, तू त्याला सांगायचं होतंस, अजून वेळ गेलेली नाही, आतच राहा.” पुन्हा हशा पिकला. ताई पानातलं चिवडत होत्या.

“वहिनी, त्या पाणबुड्याचं काय झालं?” बारक्याने विचारलं.

“काही नाही.”

“मग परत दे ना. गिऱ्हाइकाचा दोनदा फोन आला. म्हणतो, नवी पाटी कधी मिळणार.”

“सांगितलं ना, काही नाही!”

ताई कधी जेवताना आवाज चढवत नसत. नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, मग भावाकडे. बारक्या पाणी प्यायला आणि उठून गेला.

पुढचा दिवस ताईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. ज्या पोराला वाढताना बघितलं, त्याच्याकडे आता त्या संशयित अंकासारखं बघू लागल्या होत्या. तो फोनवर बोलत अंगणात का गेला? हल्ली घरी उशिरा का येतो? खोलीत शिरताना पिशवी अंगाशी का धरतो? एरवी ज्या गोष्टींकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं, त्यांतल्या एकेकीखाली त्या दिवा धरत होत्या, आणि दिवा धरला की सगळंच चमकत होतं.

रविवारी सकाळी बारक्या केस कापायला गेला. नवरा झोपला होता. ताई बारक्याच्या खोलीत गेल्या.

त्यांनी आधी कपाट उघडलं, मग गादी उचलली. दुसऱ्याच्या वस्तूंना न दुखावता हात लावायचा, हीच तर त्यांची रोजीरोटी, पण आज बोटांना काही सुधरत नव्हतं. पलंगाखाली बुटांचं खोकं होतं. ते जड लागलं. झाकण काढलं.

आत पाट्या होत्या. फोडलेल्या, कापलेल्या, चौकटींचे तुकडे, रिकामे कप्पे, आणि त्यांच्याबरोबर एक बारीक दातांची करवत.

ताई खोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या.

“काय शोधतेयस गं?” दारात सासूबाई उभ्या होत्या.

“काही नाही, आई. एक... जुनी पावती.”

“त्याच्या पलंगाखाली?” सासूबाईंची नजर खोक्यावर गेली, मग सुनेच्या चेहऱ्यावर. “काय केलंय त्याने?”

उत्तर द्यायची वेळ आली नाही. बाहेरचं दार वाजलं, चपला काढल्याचा आवाज आला आणि आखूड केसांचा बारक्या आईच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने उघडं कपाट बघितलं, उलटी गादी बघितली. ताईंच्या मांडीवरचं खोकं बघितलं.

“हे काय आहे, बारक्या?”

“तूच सांग. तू काय समजलीस?”

“मी विचारतेय.”

“नाही वहिनी. विचारायचं असतं तर शुक्रवारी विचारलं असतंस.” त्याचा आवाज चढला नव्हता, त्याने ताईंना जास्तच भीती वाटली. “तो पाणबुड्या. त्यात काहीतरी भानगड आहे, आणि ती मी केली असं तुला वाटतंय. बरोबर?”

“त्या पाटीवर तुझी खूण आहे. आत दुसराच अंक आहे. जोड स्वच्छ आहे. आणि इथे तू पाट्या कापत बसलायस!”

“मी केलं असतं तर ती पाटी पोस्टाने फिरून माझ्याच टेबलावर कशाला आली असती? आत बसून मी नवी पाटी करू शकतो, मला ती परत पाठवायची गरज काय?”

इतकी साधी गोष्ट होती. दोन दिवस आणि दोन रात्री ताई या एका प्रकरणाभोवती घिरट्या घालत होत्या, आणि ही साधी गोष्ट त्यांच्या मनात एकदाही आली नव्हती.

“हे तुकडे कचऱ्यातले आहेत,” बारक्या म्हणाला. “जुनी पाटी फोडली की टणकन आवाज येतो. थंडीपासून काही पाट्यांचा आवाज वेगळा यायला लागला. ओला, बद्द असा. का ते मला कळेना. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, हवेतला दमटपणा आहे, आपलं काम कर. मग मी तशा पाट्यांचे तुकडे घरी आणायला लागलो. कापून बघतो, घासून बघतो, पण मला काही सापडत नाही. वाटलं, काहीतरी हाताला लागलं की तुला दाखवू. उगाच कशाला तुझं डोकं खा.”

“काकांना सांगितलंस? कधी?”

“झाले दोन-तीन महिने.”

शुक्रवारी काकांनी लावून घेतलेलं दार ताईंना आठवलं. पाट्या बाहेर उघडल्या जात असाव्यात, हे काकांना ठाऊक होतं. पाटी हातात घेण्याआधीच त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते म्हणाले होते, मग उरलं काय?

“बारक्या, मला एक...”

“घे ते खोकं,” तो म्हणाला. “तपास. तुझं कामच आहे ते.” आणि आत्ताच काढलेल्या चपला पायात सरकवून तो निघून गेला. सासूबाईंनी त्याला हाक मारली नाही. त्या सुनेकडेही बघत नव्हत्या. वाकून त्यांनी गादी सरळ केली, चादर ओढली आणि म्हणाल्या, “पोराने काही केलं असतं तर मीच तुझ्याकडे धरून आणलं असतं.”

ताईंनी स्वयंपाकघराचे पडदे ओढले, घरी ठेवलेला छोटा यूव्ही दिवा काढला आणि तुकडे टेबलावर मांडले. बाजूच्या कडांना काही नव्हतं. वरच्या कडेला काही नव्हतं. मग त्यांनी चिठ्ठीचा कप्पा सुटा केला. त्या कप्प्याच्या पाठीमागे, चौकटीचा ओठ जिथे दुमडतो, तिथला जोड पाटी अख्खी असताना दिसूच शकत नाही. त्या आतल्या दुमडीत निळसर रेघ पेटली. केसाएवढी. दुसरा तुकडा घेतला, तिथेही तीच. कुणीतरी पाटी फक्त एका बाजूने, चिठ्ठीखालून उघडत होतं, अंक सरकवून काढत होतं, दुसरा सरकवत होतं, आणि डिंकाची एक रेघ ओढून मिटत होतं. मग पाटी ओरखडल्याचं निमित्त करून कंपनीकडेच पाठवत होतं. कंपनी स्वतःच्या हाताने पुरावा फोडून कचऱ्यात टाकत होती आणि खोट्या अंकाला कोरी करकरीत पाटी घालून परत देत होती.

पण हे तुकडे म्हणजे कचरा. कचऱ्यातून कुणी काहीही आणून दाखवू शकतं. खरा पुरावा म्हणजे ती अख्खी पाटी, शुक्रवारपासून काकांच्या कपाटात असलेली, आणि ती फोडल्याशिवाय तो दिसणार नव्हता.

सोमवारी काकांनी कागद टाइप करून ठेवला होता. खाली ताईंचं नाव, वर सहीची जागा.

“सही करण्याआधी पाटी फोडावी लागेल,” ताई म्हणाल्या.

“अजिबात नाही. फोडली तर पुरावा गेला.”

“फोडली नाही तर पुरावा दिसणारच नाही. चिठ्ठीच्या मागे जोड आहे, तो मी शुक्रवारी बघितलेला नाही.”

“तुम्ही चारही बाजू बघितल्या. तुमच्या तोंडून ऐकलंय मी.”

“मी चुकले.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, तुम्ही त्याच्याशी बोललात.”

“हो. आणि तो तुमच्याशी बोलला होता. उन्हाळ्याच्या आधी.”

काकांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, पण हात चष्म्यावरच थांबला. मग ते हळू म्हणाले, “दार लावा.”

“उघडंच असू दे.”

“ऐका तर. आपली पाटी बाहेर उघडता येते, हे एकदा कळलं की आजवर आपण सील केलेली प्रत्येक पाटी संशयात येते. प्रत्येक. लोकांच्या तिजोऱ्यांत आहेत त्याही. तुमचं टेबल, माझं टेबल, इथली सगळी माणसं, सगळं एका दिवसात संपतं. पण खोलीत एक चोर निघाला, तर तो एक माणूस असतो. त्याला काढला की संपलं. लोक म्हणतात, बघा, यांनी पकडला.”

“आणि तो एक माणूस कोण?”

“तो तरुण आहे, सावरेल. मी पोलिसांत जाणार नव्हतो. नुसता काढणार होतो.”

“चोर म्हणून.”

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

ताई उठल्या आणि सीलिंगच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बारक्या यंत्रापाशी होता. रविवारपासून तो त्यांच्याशी बोलला नव्हता. “एक पाटी फोडायची आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून अंक फाटेल. तू येशील?”

तो आला. परीक्षक, पानं मोजणारी बाई, फोन घेणारी मुलगी, सगळी आपापल्या टेबलांवरून उठून काकांच्या उघड्या दाराशी जमली. काका म्हणाले, “गिऱ्हाइकाची वस्तू आहे. काही झालं तर जबाबदारी तुमची.”

“माझी,” ताई म्हणाल्या. आत काही निघालं नाही, तर घरातलं आणि कामावरचं, दोन्ही आपण आपल्याच हाताने मोडलेलं असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बारक्याने पक्कड कोपऱ्यात लावली आणि दाबली. टणकन आवाज आला. कोरडा, चांगला, खणखणीत आवाज. त्याने दुसरा कोपरा घेतला. पुन्हा टणकन. काकांनी खुर्चीला पाठ टेकली. बारक्याने एकवार ताईंकडे बघितलं, रविवारनंतर पहिल्यांदा, आणि पक्कड वरच्या बाजूला, चिठ्ठीच्या मागे नेली.

तिथे काहीच वाजलं नाही. ओलं लाकूड मोडावं तसं ते नुसतंच सुटलं.

फोन घेणारीने दिवा मालवला. ताईंनी यूव्ही दिवा धरला. आधी फक्त प्लास्टिकची काळी कड दिसली. त्यांनी तुकडा थोडा तिरका केला, अजून थोडा, आणि ती निळसर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली. कुणीतरी मागून “अरे देवा” म्हणालं. बारक्याने मात्र आधी तो अंक दोन्ही हातांनी उचलून स्वच्छ कागदावर ठेवला, जणू तोच एकटा त्यात निरपराध होता.

काकांनी टाइप केलेला कागद स्वतःच फाडला.

पुढे व्हायचं ते झालं. ती पाटी पाठवणारा एक जुना दलाल होता, काकांचा वर्षानुवर्षांचा स्नेही, ज्याच्यामुळे कंपनीला निम्मं काम मिळायचं. तो पकडला गेला. त्याच्याकडे काही निर्मळ अंक सापडले, काही कुठे गेले ते कधीच कळलं नाही. कंपनीने जाहीर केलं की जुन्या पाट्या परत पाठवा, फुकट तपासून देऊ. टपाल पोत्यांनी येऊ लागलं. काही गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या, काहींनी कायमची पाठ फिरवली. अर्ध्या टेबलांवर धूळ बसली. काकांनी कारभार आपल्या मुलीच्या हाती दिला आणि येणं बंद केलं. एकदा रस्त्यात ते ताईंना दिसले, ताई थांबल्या, पण ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. नव्या पाटीला आता चिठ्ठीच्या मागेही वितळवलेला जोड असतो, आणि नव्या पाटीत जायच्या आधी प्रत्येक अंक पुन्हा ताईंच्या टेबलावर येतो.

बारक्याला नव्या मालकिणीने पगार वाढवून थांबायला सांगितलं. तो थांबला नाही. किल्ल्या ठेवल्या आणि चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात लागला.

ताईंनी त्याची माफी मागितली. एका संध्याकाळी, गच्चीवर, तो दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता तेव्हा.

“केव्हाच माफ केलं, वहिनी,” तो म्हणाला. खरंच म्हणाला, तोंडदेखलं नाही. मग एक सदरा घडी घालता घालता थांबला. “तू काकांना घाबरलीस, ते मला कळतं. मीही घाबरलो असतो. पण माझ्या खोलीत शिरायच्या आधी तू मला एकदा विचारलं का नाहीस, तेवढं मात्र मला कळत नाही. मी रोज समोर जेवायला बसत होतो गं.”

ताईंनी दोरीवरचा पुढचा सदरा काढून त्याच्या हातात दिला.

तो पूर्वीसारखाच बोलतो, दादाची थट्टा करतो, आईचे पाय चेपतो. ताईंना वहिनीच म्हणतो. पण त्या पावसाळ्यात त्याने आपल्या खोलीच्या दाराला आतून एक कडी बसवून घेतली. त्या घरात आजवर कुठल्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. सासूबाईंनी बघितली, नवऱ्याने बघितली.

ताई जेवायला बोलवायला जातात तेव्हा दाराबाहेर उभ्या राहतात, बोटाने हलकेच वाजवतात आणि तो “आलो” म्हणेपर्यंत वाट बघतात.